साजाची आटणी

श्रोतेहो, नमस्कार.

'आधुनिक मूर्तिपूजा आणि ख्रिस्ती श्रद्धा' हा आजच्या भाषणाचा विषय आहे, आणि कोल्हापुरात बसून त्यावर बोलायचे तर आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात कोणते टाक आहेत याची चौकशी करण्याचा माझा हेतू नाही. माझे बालपण अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर गेले; दिवाळीत शेजारचे ताट आमच्याकडे येई आणि नाताळात आमचे ताट झाकून त्यांच्याकडे जाई. मला बोलायचे आहे ते माझ्या स्वतःच्या घरातील मूर्तीविषयी. पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. लोभ हीच मूर्तिपूजा. एवढे वाक्य कानात ठेवावे, म्हणजे पुढची हकिकत कशासाठी सांगितली हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आमच्या आईच्या गळ्यात कोल्हापुरी साज होता. तो आजीच्या सासूचा, म्हणजे आमचे घराणे ख्रिस्ती होण्याच्या आधीचा. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले आणि त्यानंतर या भागातील जी कुटुंबे पुढेमागे ख्रिस्ती झाली त्यांपैकी आमचे एक. धर्म बदलला, पण साज पेटीतून काही गेला नाही. साजाच्या एकवीस पानांत दशावतार असतात, हे कोल्हापूरच्या श्रोत्यांना सांगायला नको. एकदा एक वयस्कर पाळक आमच्याकडे जेवायला आले असताना त्यांची नजर त्या पानांवर गेली आणि त्यांनी हसत हसत विचारले, की ख्रिस्ती बाईच्या गळ्यात हे मत्स्य आणि कूर्म कसे काय? आईने भाकरी थापता थापता उत्तर दिले, "मासा नि कासव बघितलं की मला नोहाचं तारूच आठवतं, पाळकसाहेब." पाळकसाहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही, भाकरी मात्र आणखी एक मागून घेतली.

आई गेली आणि साज कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. आम्ही तीन भाऊ. मी थोरला म्हणून माझा, मधल्याने आईचे शेवटचे आजारपण काढले म्हणून त्याचा, आणि धाकट्याला तेवढी मुलगी म्हणून तिचा, अशी तिन्ही बाजूंची कारणे तयार होती आणि तिन्ही खरी होती. वर्षभर आम्ही एकाच चर्चमध्ये, एकाच उपासनेला, तीन वेगवेगळ्या बाकांवर बसलो आणि एकमेकांशी न बोलता एकाच प्रभुभोजनात भाग घेतला. शेवटी तोडगा निघाला, की साज आटवायचा आणि सोने तीन ठिकाणी वाटून घ्यायचे.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ पेठेत, सकाळी दुकाने नुकती उघडत होती. आटणीचा कारागीर विट्याकडचा होता. खानापूर, आटपाडी आणि विटा या बाजूची माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पसरलेली आहेत. त्याने आमच्या देखत तार कापली, पाने सुटी केली, माणिक-पाचू पुडीत बांधून दिले, वजन केले आणि सारे मुशीत टाकले. टाकणखाराची चिमूट पडली, ज्योत लागली आणि काळा, चिकट वासाचा धूर निघाला. पाने आणि मणी आतून लाखेने भरलेले असतात, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात नव्हते. घरात तीन पिढ्या तीन तोळ्यांचा म्हणून गाजलेला साज लगड होऊन काट्यावर आला तेव्हा दोन तोळ्यांच्या थोडासा वर भरला. धाकटा भाऊ एकदम म्हणाला, "बाकीचं सोनं कुठं गेलं?" कारागीर शांतपणे म्हणाला, "सोनं जागच्या जागी हाय. लाख जळली ती. एवढी वर्सं लाख सोन्याच्या भावानं चालली हुती."

लगड निवेपर्यंत काही तरी बोलावे म्हणून, आणि शिक्षकाची खोड जात नाही म्हणूनही, मी त्याला निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायातील गोष्ट सांगितली. मोशे पर्वतावरून उतरेना, तेव्हा लोकांनी कानांतील सोन्याची कुंडले अहरोनाला काढून दिली आणि त्याने त्यांचे ओतीव वासरू केले. पुढे मोशेने जाब विचारला तेव्हा अहरोन म्हणाला, की मी ते सोने आगीत टाकले आणि हे वासरू बाहेर निघाले. कारागीर खो खो हसला. "सर, माझ्या भट्टीतनं आजवर आपसूक साधी मुदीबी निघाली न्हाई. साचा कुणी केला? कोरणी कुणी मारली?" मग त्याने विचारले, की त्या वासराचे पुढे झाले काय? मी सांगितले, मोशेने ते जाळले, कुटून त्याची पूड केली, ती पाण्यावर टाकली आणि ते पाणी लोकांना पाजले. कारागिराने हातातला चिमटा खाली ठेवला. उंबऱ्याबाहेर एक झारेकरी बाई, मातीत सांडलेले सोन्याचे कण मिळतील म्हणून, गटारीच्या कडेची माती ब्रशाने घमेल्यात ओढत होती. तिच्याकडे पाहत तो म्हणाला, "म्हंजे झारेकऱ्यालाबी कायच ठेवलं न्हाई त्यानं."

या अध्यायावरची प्रवचने मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परंतु वासराची पूड पाण्यात का मिसळली, हे मला पहिल्यांदा गुजरीत कळले. वासरू नुसते मोडले असते तर मोड राहिली असती, आणि मोड राहिली की तिचा भाव होतो.

आता कवितेकडे वळतो. विल्यम कूपर या इंग्रज कवीने 1769 च्या डिसेंबरात, जिच्या घरी तो राहत होता ती मेरी अनविन जिवावरच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली असताना, एक प्रार्थनागीत लिहिले. त्यात तो देवाला म्हणतो, की माझी जी सर्वांत लाडकी मूर्ती असेल, मग ती कोणतीही असो, ती तुझ्या सिंहासनावरून उपटून काढायला मला साहाय्य कर. 'कोणतीही असो', हे शब्द महत्त्वाचे आहेत. कवीने मूर्तीचे नाव घेतलेले नाही. बहुधा त्याला ते घेववले नसावे. तिथे मुलांचे टक्के बसतात, फ्लॅटचा भाव बसतो, मोबाइलवरील पसंतीचा आकडा बसतो. आमच्या घरी एक साज बसला होता, आणि साजातही मूर्ती त्या मत्स्य-कूर्मांच्या पानांत नव्हती. ती आमच्या तराजूत होती. पुन्हा सांगतो, ती तराजूत होती.

मिल्टनच्या 1667 साली प्रसिद्ध झालेल्या महाकाव्यात धनाचा अधिपती मॅमन येतो. स्वर्गात असतानाही त्याची नजर सदैव खाली, पायांखालच्या सोन्याच्या फरशीकडे असे. ती झारेकरी बाईही खालीच पाहत होती. पण तिला संध्याकाळची चूल पेटवायची होती, आणि आम्हा तिघांच्या चुली केव्हाच पेटलेल्या होत्या.

आपल्याकडे नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्याच टिळकांची भजने हल्ली कीबोर्डच्या ठेक्यावर इतक्या घाईने म्हटली जातात, की अर्थ ओठांपर्यंत येण्याआधी कडवे संपते. पण ते असो. 'सोनें आणि माती, आम्हां समान हें चित्तीं' हा तुकोबांचा चरण आम्हा तिघा भावांना शाळेपासून पाठ होता, आणि तरीही त्या सकाळी आम्ही गुंजेगुंजेचा हिशेब डोळ्यांत तेल घालून पाहत होतो.

माझ्या वाट्याचा तुकडा सात ग्रॅमांच्या आसपासचा आहे. तो आगपेटीत, कापसात गुंडाळून, कपाटात पवित्र शास्त्राच्या मागे ठेवलेला आहे. त्याचे काय करावे हे अजून ठरलेले नाही. भाऊ आता बोलतात, एका बाकावर बसतातही. सकाळी मात्र वर्तमानपत्र आले की शास्त्रपाठाआधी माझा हात सोन्याच्या भावाच्या पानाकडे जातो, आणि पत्नी स्वयंपाकघरातून विचारते, "आज किती?"

नमस्कार.