भरलेलं पद हेच पहिलं अनुदान

मित्रहो, संशोधनाला निधी किती मिळतो याची आपल्या महाराष्ट्रात चर्चा होते आणि प्राध्यापक भरती कधी होणार याचीही होते. पण पहिली चर्चा विज्ञान दिनाच्या भाषणात होते आणि दुसरी संघटनांच्या निवेदनात. या दोन गोष्टी एकच आहेत, एवढंच मला आज सांगायचं आहे. विद्यापीठात कायम शिक्षकाचं भरलेलं पद हेच संशोधनाचं पहिलं अनुदान असतं. ते नसेल तर बाकीचा पैसा आला तरी तो घ्यायला कुणी नसतं.

एक जुनं उदाहरण देतो. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पॅट्रिक गेडीस हे पहिले प्राध्यापक. १९२४ मध्ये मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तिथे रुजू झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत राहिले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही सगळी त्यांच्याकडे शिकलेली माणसं. भारतातल्या समाजशास्त्राची एक अख्खी परंपरा त्या विभागातून उभी राहिली. त्यासाठी काय लागलं? ग्रंथालय, विद्यार्थी आणि पुढच्या वर्षी आपण इथेच असणार आहोत याची खात्री असलेला एक शिक्षक. जातीव्यवस्थेवर किंवा आदिवासी समाजावर दहा-दहा वर्षं काम करायचं, तर ती खात्री लागतेच.

आता आजच्या नियमांकडे या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे पीएचडीसाठी प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. २०२२च्या विनियमांत मार्गदर्शक कायम शिक्षकच असावा असं आहे. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. समजा एका विभागात दोन प्राध्यापक, चार सहयोगी आणि सहा सहायक अशी बारा पदं मंजूर आहेत. पूर्ण भरली तर चौसष्ट विद्यार्थ्यांची सोय होते. त्यातला एक प्राध्यापक, एक सहयोगी आणि तीन सहायक एवढेच उरले, तर जागा सव्वीस. त्या प्राध्यापकाची शेवटची तीन वर्षं चालू असतील, तर त्याच्याकडे नवा प्रवेश बंद. संशोधनाच्या निधीला कुणी हात लावलेला नसतो, अर्थसंकल्पात कपात दिसत नाही आणि तरीही संशोधन निम्म्याहून खाली आलेलं असतं.

वर्ग मात्र चालू राहतात, कारण तिथे तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतात. त्यांच्याबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झालेली, पीएचडी झालेली, तिशी-चाळिशीतली ही माणसं. त्यांना घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. परीक्षेच्या काळात, सुट्टीत काहीच नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. अनेक जण दोन-दोन महाविद्यालयांत तास घेत बसनं फिरतात. यांना पीएचडीचे मार्गदर्शक होता येत नाही. केंद्रीय संस्थांच्या बहुतेक प्रकल्पांसाठी अर्ज करता येत नाही, कारण तिथे नियमित पदावरचाच माणूस प्रमुख लागतो. लिहिण्याची, प्रयोग करण्याची जी उमेदीची वर्षं, ती त्यांची अशी जातात. कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत, असं आयोगाच्या २०१८च्या विनियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. आपापल्या जिल्ह्यातल्या एखाद्या अनुदानित महाविद्यालयात जाऊन हे प्रमाण विचारून बघा.

हे घडलं कसं? २५ मे २०१७ ला राज्याच्या वित्त विभागाचा निर्णय आला की सुधारित आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदं असावीत याचा आराखडा, मंजूर होईपर्यंत भरती थांबवा. २०१८ च्या नोव्हेंबरात अनुदानित महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागांना मान्यता मिळाली. त्यातल्या १,४९२ भरून झाल्या आणि करोना आला. ४ मे २०२० च्या निर्णयानं पुन्हा सगळं बंद. उरलेल्या २,०८८ जागांना परवानगी मिळायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. मान्यता मिळाल्यावरही बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव याची यादी, तपासून घ्यायची, मागासवर्ग कक्षाची सही, ना-हरकत, जाहिरात, छाननी, निवड समिती. हे सगळं होईपर्यंत त्याच विभागातले आणखी दोघे निवृत्त झालेले असतात. आरक्षणाच्या नियमांमुळे उशीर होतो, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बिंदुनामावली दरवर्षी अद्ययावत ठेवली तर तिच्यात अडकण्यासारखं काही नाही. पदं गोठवली की सगळ्यात आधी राखीव जागांवर येऊ पाहणारी पहिल्या पिढीची मुलं बाहेर राहतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

वित्त विभागाची बाजूही समजून घेतली पाहिजे. सहाव्या वेतन आयोगाच्या वाढीव भाराचे ८० टक्के केंद्रानं दिले, पण ३१ मार्च २०१० पर्यंतच. सातव्याच्या वेळी वाटा ५० टक्क्यांवर आला आणि मुदत ३१ मार्च २०१९ ला संपली. त्यानंतर सगळा भार राज्यावर. एक पद भरलं म्हणजे तीसेक वर्षांची बांधिलकी, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण मग ती बांधिलकी कशासाठी घ्यायची, हे ठरवायला हवं. देशातले ऐंशी टक्क्यांहून जास्त विद्यार्थी राज्य विद्यापीठांत शिकतात, आणि तिथली चाळीस टक्क्यांहून अधिक शिक्षकपदं रिकामी असल्याचं नीती आयोगानं फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात नोंदवलं आहे. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. त्यात सगळ्या राज्य सरकारांचा मिळून वाटा ६.७ टक्के, आणि तोही प्रामुख्यानं शेतीच्या संशोधनाचा. शेतीवर खर्च व्हायलाच हवा. पण भौतिकशास्त्र, भाषा, इतिहास, अर्थशास्त्र यांना राज्याकडून काय मिळतं, हे त्यावरून तुम्हीच ओळखा.

एका बाबतीत आपल्या राज्यानं चांगलं पाऊल टाकलं. बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा समाजासाठी), महाज्योती (इतर मागासवर्गीयांसाठी) या राज्याच्या संस्थांमधून पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती, म्हणजे फेलोशिप, मिळते. गडचिरोलीच्या, बीडच्या, नंदुरबारच्या मुलांना घरून पैसे न मागता संशोधन करता येईल असा हा आधार आहे आणि तो टिकलाच पाहिजे. ती रक्कम वेळेवर मिळावी म्हणून मुलांना उपोषणाला बसावं लागतं, हे मात्र लाजिरवाणं आहे. पण वेळेवर मिळाली तरी तो विद्यार्थी मार्गदर्शक शोधत विभागातून विभागात फिरतो. एका हातानं अधिछात्रवृत्ती द्यायची आणि दुसऱ्या हातानं मार्गदर्शकाचं पद रिकामं ठेवायचं, हे धोरण होऊ शकत नाही. संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची कल्पना २०२३ ते २०२८ या काळात ५०,००० कोटी रुपयांची आहे. त्यातले १४,००० कोटी केंद्राचे, बाकीचे बाहेरून उभे करायचे. जे येतील त्यातले आपल्या विद्यापीठांकडे किती येतील, हे अर्ज करणारे शिक्षक किती आहेत त्यावर ठरेल.

करायचं काय, हे अवघड नाही. शिक्षक रुजू होतो त्या दिवशीच त्याच्या निवृत्तीची तारीख ठरलेली असते. म्हणजे पद कधी रिकामं होणार, हे शासनाला वीस-तीस वर्षं आधी माहीत असतं. मग निवृत्तीच्या एक वर्ष आधी त्या पदाची जाहिरात निघावी, प्रत्येक वेळी मुंबईला फाइल पाठवावी लागू नये, अशी कायमची परवानगी हवी. नव्यानं रुजू होणाऱ्याला पहिली तीन वर्षं छोटा संशोधन निधी हवा, विज्ञानवाल्याला उपकरणासाठी आणि इतिहासवाल्याला अभिलेखागारात राहण्यासाठी. त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. २००४ पासून आपल्याकडे राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, त्याची तरतूद वाढवा आणि त्याचं दार सामाजिकशास्त्रांनाही उघडा. केरळनं २०२१ मध्ये स्वतःच्या पैशातून पीएचडीनंतरच्या संशोधकांसाठी अधिछात्रवृत्ती सुरू केली. आपणही ते करू शकतो.

मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन असतं. इथे बसलेल्या प्रत्येकानं आपल्या आमदाराला पत्र लिहून तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, विचारायला सांगावं. प्रश्नही लिहून घ्या: माझ्या विद्यापीठात विभागवार मंजूर पदं किती, कायम शिक्षकांनी भरलेली किती, येत्या तीन वर्षांत निवृत्त होणारे किती, आणि आज त्या विभागात पीएचडीला नवा विद्यार्थी घेऊ शकणारे किती. शेवटचा आकडा लेखी मागा, विभागाच्या नावासकट.