विश्वासांगीकारात पिलाताचं नाव कशाला?

नमस्कार मंडळी. रविवारी चर्चमध्ये उभं राहून आपण विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची थोडक्यात कबुली, म्हणतो. येशूचं नाव सोडलं, तर त्यात माणसांची नावं दोनच. एक मरिया, आणि दुसरं पंतय पिलात! ज्यानं येशूला क्रूसावर द्यायचा हुकूम सोडला, तो रोमी सुभेदार. पेत्राचं नाव नाही, पौलाचं नाही, याचं मात्र आहे.

संडे स्कूलमध्ये एखाद्या पोरानं हे विचारलं, तर त्याला गप्प बसवू नका. पिलात म्हणजे तारीख. 'एक आटपाट नगर होतं' अशी ही गोष्ट नाही. तिबिर्य कैसराच्या राज्यात, यहूदियात, या सुभेदाराच्या कारकिर्दीत हे घडलं. त्या एका नावानं आपला विश्वास इतिहासात घट्ट रोवला आहे.

आता चला यरुशलेमेला. साल साधारण 350. बाप्तिस्मा घेणाऱ्यांना संत सिरिल शिकवतायत, आणि गुलगुथा, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं ती जागा, तिथेच, शेजारी. 'क्रूसावर खिळले गेले' हे शब्द समजावताना ते त्या जागेचाच दाखला देतात! ते सांगतात, सगळ्यांनाच शास्त्र वाचता येत नाही. कुणाला अक्षरओळख नाही, कुणाला सवड नाही. म्हणून विश्वासांगीकाराच्या या मोजक्या ओळी. त्या कागदावर उतरवू नका, पाठ करा, काळजावर कोरा. मोहरीच्या इवल्याशा दाण्यात जशा पुढच्या सगळ्या फांद्या असतात, तसं या थोड्या शब्दांत सगळं शास्त्र आहे.

म्हणूनच मला वाटतं, पाठांतराला 'नुसती घोकंपट्टी' म्हणून हिणवू नये. मुलाला आज अर्थ अर्धाच कळेल. पण शब्द जवळ असले, तर उरलेला अर्थ आयुष्यभर उलगडत राहतो.

निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेवर वेगळा व्हिडिओ करीन. आज एवढंच: पुत्र, म्हणजे येशू, हा देवानं निर्माण केलेला आहे, असं आरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता. 325 साली बिशपांनी विश्वासांगीकारात 'पित्याशी एकतत्त्व' हे शब्द घालून त्याला उत्तर दिलं.

पण शिकवण्याचा विषय निघाला की मला आठवतात व्हिक्टोरिनस. चौथ्या शतकातले रोमचे नामांकित वक्तृत्वशिक्षक, उतारवयात ख्रिस्ती झाले. त्यांची हकिकत संत ऑगस्टीन यांनी लिहून ठेवली आहे. बाप्तिस्म्याआधी उंच जागी उभं राहून, सगळ्यांसमोर, विश्वासांगीकार तोंडपाठ म्हणायची रोमची रीत होती. धर्मगुरूंनी त्यांना सुचवलं, हवं तर खासगीत म्हणा. ते नको म्हणाले. ते वर चढले, तशी गर्दीत आनंदाची कुजबुज पसरली, 'व्हिक्टोरिनस! व्हिक्टोरिनस!' आणि लगेच सगळे गप्प झाले, त्यांच्या तोंडून ते शब्द ऐकायला.