पाचव्या आठवड्यापर्यंत

[दृश्य : बार्शीचं एसटी स्थानक. परांडा, भूम, वैरागच्या गाड्या लागत आहेत.]

निवेदन :
भगवंताची बार्शी. सोलापूरपासून साधारण ७० किलोमीटर. माणसं इथं बाजाराला येतात, भुसार विकायला येतात, तशी कॅन्सरच्या उपचारालाही येतात. नर्गिस दत्त यांच्या नावाचं रुग्णालय इथलंच. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली इथंच सुरू झाली. त्यासाठी कार्यकर्ते गावोगाव जाऊन बसू लागले. "अंगावरून जातंय" हे बाई नवऱ्यालाही सांगत नाही. सांगितलंच तर ओळखीच्या बाईला, दाराआड.

पुढे शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष आला : ज्या गटाला एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी मिळाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्यांपेक्षा जवळपास निम्मे होते. बायकांना घराबाहेर काढून तपासणीपर्यंत आणणाऱ्यांचा या निष्कर्षात मोठा वाटा आहे.

[दृश्य : रुग्णालयाबाहेरची सावली. सोबत आलेले नातेवाईक, पिशव्या, डबे.]

पण निदान झालं की खरी परीक्षा सुरू होते. रेडिएशन साधारण २५ वेळा घ्यावं लागतं. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. आतून द्यायचे किरण धरून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपायला हवा. लांबला तर आजार पुन्हा डोकं वर काढण्याचा धोका वाढतो.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणींचा रक्तस्राव थांबतो. बाईला बरं वाटतं. घरी शेरडं शेजारणीवर सोपवलेली, पोरीची शाळा, ज्वारीची काढणी तोंडावर. ती म्हणते, "आता बरं हाय, जाते मी."

त्या वेळी तिच्याजवळ बसून "अजून दोन आठवडे, ताई" म्हणणारं माणूस लागतं. डॉक्टरांना तेवढा वेळ नसतो. हे काम स्वयंसेवक करतात. नवऱ्याला फोन लावतात, गावातल्या आशाताईला घरी डोकवायला सांगतात. रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल, तर महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर तासभर उभे राहतात. मला हे काम औषधोपचाराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

[दृश्य : स्वयंपाकघर. ज्वारीची पोती, भाकऱ्यांची चळत.]

दात्यांचंही असंच आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडल्याची कथा या जिल्ह्यात पोरासोरांना माहीत आहे. आजही सुगीनंतर कुणी मालदांडी ज्वारीचं पोतं देतं, कुणी चादरी. सोबतच्या माणसाचं जेवण सुटलं की बाईचा मुक्काम टिकतो. योजना उपचाराचं बिल भागवते, घरी बुडालेली मजुरी नाही. २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी नवऱ्याचं पूर्णच लागतं.

यंत्राला देणगी मिळवणं तुलनेनं सोपं असतं, कारण यंत्रावर पाटी लागते. जनरेटरच्या डिझेलवर, समाजसेविकेच्या पगारावर पाटी लागत नाही. पण वीज गेली आणि डिझेल नसलं, तर त्या दिवशीचं रेडिएशन बुडतं. म्हणून देणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती : रुग्णालयाला आधी विचारा, "या महिन्यात काय अडलंय?"

रक्ताचंही तेच. रक्तस्रावाने आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन उपचाराआधी वर आणावं लागतं. जयंतीच्या एका शिबिरात शेकडो पिशव्या जमतात, पण त्यातलं रक्त पाच-सहा आठवडेच टिकतं. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. तेव्हा गावातल्या तरुण मंडळांनी तारखा वाटून घ्याव्यात, आणि मे महिना आधी भरावा.