डायरीतला एक शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

1963 चा ऑक्टोबर. फ्रान्समधल्या रुआँ शहरात 23 वर्षांची एक विद्यार्थिनी रोज रात्री डायरी उघडते, मोठ्या अक्षरांत एवढंच लिहिते आणि खाली रेघ ओढते: ‘काही नाही’. पाळी आलेली नसते.

ही मुलगी म्हणजे 2022 च्या साहित्याच्या नोबेलच्या मानकरी, फ्रेंच लेखिका आनी एर्नो. आईवडिलांचं इव्हतो या गावी किराणा दुकान आणि कॅफे. मुलगी शिकतेय याचं घरात केवढं अप्रूप! आणि गर्भपात तर फ्रान्समध्ये तेव्हा गुन्हा. (गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आपल्याकडे 1971 मध्ये झाला, फ्रान्समध्ये 1975 मध्ये.) अखेर जानेवारी 1964 मध्ये पॅरिसच्या एका गल्लीत, एका बाईच्या घरी, 400 फ्रँक मोजून तिनं सुटका करून घेतली. जीव थोडक्यात वाचला.

दहा वर्षांनी, 1974 मध्ये, एर्नोंनी हे पहिल्यांदा लिहिलं, पण कादंबरी म्हणून. नायिकेचं नाव देनीज लस्यूर. लिहिताना नवऱ्याला सांगितलं होतं, प्रबंधाचं काम चाललंय! नंतर 2000 मध्ये तीच हकीकत पुन्हा आली. पुस्तकाचं नाव ‘लेव्हेनमाँ’, म्हणजे ‘घटना’. या वेळी देनीज नाही, सरळ ‘मी’, आणि सोबत त्या डायरीतल्या नोंदी.

एकदा सांगून झालेलं पुन्हा कशाला सांगायचं? मला वाटतं, देनीजच्या बाबतीत वाचकाला पळवाट होती. कादंबरीच ती, असं म्हणून पान उलटता येत होतं. ‘मी’ म्हटल्यावर ती वाट बंद झाली. अशा लेखनाला फ्रान्समध्ये ‘ऑटोफिक्शन’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्या आयुष्याला कल्पनेची जोड देऊन रचलेली गोष्ट. एर्नोंना ते नाव मान्य नाही, आणि मला त्यांचं पटतं. त्यांच्या या पुस्तकात रचलेलं काही नको आहे, आठवलेलं तेवढंच हवं आहे.

त्यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. रक्तस्रावानं अर्धमेली झालेली ही मुलगी रुग्णालयात आडवी पडली आहे. काय करणार आहात, असं ती विचारते, तर तरुण सर्जन खेकसतो, ‘मी काय प्लंबर आहे?’ पुढे त्याला कळतं, ही विद्यापीठात शिकते, म्हणजे आपल्यातलीच. मग तो ओशाळतो. कारखान्यातली कामगार असती, तर ओशाळला असता का?

पुस्तकाच्या शेवटी, इतक्या वर्षांनी, एर्नो त्याच गल्लीत पुन्हा जाऊन येतात.