शंकासुराचं फूल

नमस्कार श्रोतेहो. जास्वंद गणपतीला, बेल शंकराला, केवडा मात्र शंकराला चालत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको. फुलाला अर्थ चिकटवायची खोड सगळ्यांनाच. युरोपातल्या चित्रांत पांढरी लिली म्हणजे मेरीमातेचं पावित्र्य. डच चित्रांत फुलदाणीखाली गळलेली पाकळी म्हणजे चार दिवसांचं आयुष्य. आणि आपण दाराला प्लास्टिकचा झेंडू बांधतो! न सुकणाऱ्या फुलाचा अर्थ काय लावायचा, सांगा. असो.

वनस्पतिशास्त्राच्या चित्रात म्हणे अर्थबिर्थ नसतो. पाकळ्या किती, केसर किती, तेवढं मोजून काढायचं. पण एका चित्राची गोष्ट सांगतो.

आपल्या कुंपणाशी असतो तो शंकासुर. लाल-पिवळी फुलं, बाहेर आलेले लांब केसर, उन्हात तटकन तडकणाऱ्या शेंगा. तोच शंकासुर १६९९ साली दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये एका बाईनं पाहिला. मारिया सिबिला मेरियन तिचं नाव. वय बावन्न. आपली चित्रं विकून पैसा उभा केला आणि धाकट्या लेकीला घेऊन बाई अ‍ॅमस्टरडॅमहून जहाजात बसली. कशासाठी? सुरवंट बघायला! सुरिनाम तेव्हा डचांची वसाहत, उसाचे मळे, मळ्यांवर गुलाम. बाई आजारी पडून १७०१ मध्ये परतली, आणि १७०५ मध्ये तिचं साठ चित्रांचं पुस्तक निघालं.

त्यात शंकासुर आहे, सोबत सुरवंट आणि पतंगही. चित्र बघाल तर नुसतं देखणं. पण शेजारचा मजकूर वाचा. ती लिहिते, डच मालकांच्या जाचातल्या गुलाम बाया या झाडाच्या बियांनी गर्भ पाडतात. का? तर आपलं मूल गुलाम होऊ नये. पुन्हा सांगतो, आपलं मूल गुलाम होऊ नये म्हणून. आणि पुढे म्हणते, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

लिलीचा अर्थ चर्चनं ठरवला होता. शंकासुराचा त्या बायांनी ठरवला.

आणि शास्त्रानं तेव्हा झाडाला नाव कुणाचं दिलं? पॉइन्सियाना. द प्वांसी नावाचा फ्रेंच गव्हर्नर होता, कॅरिबियन बेटांवरचा. तिथंही मळे उसाचेच, आणि राबणारे गुलामच.