हेट्झर : गाडी कोणत्या महिन्याची?

पडद्यावर दिसणारी ही गाडी खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी आहे. तोफेच्या टोकापासून मागच्या पत्र्यापर्यंत ती जेमतेम अठरा सेंटिमीटर भरते आणि उंचीला सहा. तिच्या शेजारी उभा केलेला प्लॅस्टिकचा सैनिक पाच सेंटिमीटरचा आहे, म्हणजे प्रत्यक्षात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस; तो शेजारी असला की ही गाडी किती बुटकी आहे, हे लगेच ध्यानात येते. तिला फिरता बुरूज नाही, समोरचा पत्रा छपरासारखा मागे कललेला आहे आणि तोफ मध्यावर नसून उजवीकडे सरकलेली आहे. तिचे कागदोपत्री नाव याग्डपांझर ३८. मॉडेल करणारे मात्र तिला हेट्झर याच नावाने ओळखतात, आणि शत्रूचे रणगाडे दडून टिपण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ज्या अनेक गाड्या केल्या, त्यांपैकी ती सर्वांत लहान गाड्यांमध्ये मोडते.

ती जन्माला आली एका बॉम्बहल्ल्यामुळे. नोव्हेंबर १९४३ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी बर्लिनमधल्या आल्केट कारखान्याचे मोठे नुकसान केले. जर्मन सैन्याला सतत लागणाऱ्या श्टुर्मगेशुट्झ या तोफगाड्या प्रामुख्याने तिथे तयार होत असत, त्यामुळे ते काम प्रागच्या बीएमएम कारखान्याला देता येईल का, अशी विचारणा झाली. बीएमएम हे नाव जर्मनांनी दिलेले. मुळात तो चेकादे या चेक कंपनीचा कारखाना होता. अडचण निघाली ती क्रेनची. श्टुर्मगेशुट्झचे वजन सुमारे २४ टन होते आणि एवढे धूड उचलण्याची सोय प्रागमध्ये नव्हती. तेव्हा विचाराची दिशाच बदलली आणि कारखान्याला झेपेल एवढीच गाडी करायचे ठरले. तिथे पूर्वीपासून तयार होत असलेल्या चेक रणगाड्याच्या यंत्रणेचा आधार घेऊन, १६ टनांच्या आत बसणारी, ७५ मिलिमीटरची तोफ आणि चार माणसे वाहणारी गाडी कागदावर आली, आणि एप्रिल १९४४ मध्ये पहिल्या गाड्या कारखान्याबाहेर पडल्यासुद्धा. पुढे स्कोडानेही हे काम सुरू केले. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे २,८०० गाड्या तयार केल्या.

एवढ्या घाईने सुरू झालेल्या गाडीत पुढे वर्षभर बदल होत राहिले, आणि मॉडेल करणाऱ्याचे खरे काम तिथूनच सुरू होते. गाडीचे सर्वांत मागचे चाक पाहावे, ज्याच्यावर चाकांभोवतीचा पोलादी पट्टा ताणलेला राहतो. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये या चाकाला बारा गोल भोके आहेत. पुढे ती आठ झाली, मग सहा, आणि शेवटी चार. मधल्या चाकांच्या कडेला आधी बोल्टांची दाट रांग दिसते, नंतर तिच्या जागी मोजके रिव्हेट येतात. धुराड्याचा आकार बदलतो, तोफेच्या मुळाशी असलेले ओतीव कवच बदलते, छपरावरची झाकणे बदलतात. किटच्या, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांच्या संचाच्या, खोक्यावर ‘सुरुवातीचे उत्पादन’ किंवा ‘मधले उत्पादन’ असे छापलेले असते, ते यासाठी. म्हणून टेबलावर पहिला भाग कापण्याआधी जो प्रश्न सोडवावा लागतो तो रंगाचा नसतो. गाडी कोणत्या महिन्याची, एवढेच आधी ठरवायचे असते, आणि ते ठरले की बाकीची अर्धी उत्तरे आपोआप मिळतात.

या प्रश्नाकडे मी एकदा दुर्लक्ष केले होते. एका संग्रहालयातल्या हेट्झरची छायाचित्रे समोर ठेवून छपरावरचा प्रत्येक बारकावा मी प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीतून कोरून काढला, त्यात तीन आठवडे घातले आणि नंतर कळले की ती गाडी युद्धातली नव्हतीच. युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियाने हीच गाडी पुढे चालू ठेवली आणि स्वित्झर्लंडने १५८ गाड्या विकत घेतल्या, ज्यांना तिथे जी-१३ म्हणत. या गाड्यांत गाडीप्रमुखाची आणि तोफ भरणाऱ्याची जागा अदलाबदल झाली, छपराची रचना त्यानुसार बदलली, आणि तोफेच्या तोंडाशी मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारा भोकांचा तुकडा, आला. स्विस सैन्याने त्या १९७० च्या दशकापर्यंत वापरल्या आणि मोडीत काढल्यावर त्यांतल्या अनेक जगभरच्या संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे पोहोचल्या. तिथे काहींचा मझल ब्रेक काढून त्यांना युद्धकाळातल्या हेट्झरचे रूप दिले गेले. माझे मॉडेल म्हणजे वेषांतर केलेल्या स्विस गाडीची इमानदार नक्कल झाली होती. ते अजून फळीवर आहे, जरा मागच्या बाजूला.

आज टेबलावर आहे ती जुलै १९४४ ची गाडी, म्हणून मागचे चाक बारा भोकांचे.

१:३५ हे प्रमाण कोणत्याही युद्धखात्याने ठरवलेले नाही. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे चालणारे मॉडेल काढले, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढा त्याचा आकार ठेवला, आणि मोजून पाहिल्यावर तो पस्तिसाव्या हिश्शाच्या जवळ आला. बॅटरीच्या मापावरून आलेला हा आकडा पुढे सगळ्या जगाने स्वीकारला. मॉडेल करणाऱ्याला तो पाढ्यासारखा पाठ असावा लागतो, कारण प्रत्येक निर्णय त्याला पस्तिसाने भागूनच घ्यावा लागतो. हेट्झरच्या समोरच्या चिलखताची जाडी ६० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर पावणेदोन मिलिमीटरला थोडी कमी. ती प्लॅस्टिकमध्ये सहज जमते. पण पट्ट्यांच्या वर लटकणारे बाजूचे पत्रे खऱ्या गाडीवर अवघे पाच मिलिमीटर जाड होते. मॉडेलवर ते एका मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढे हवेत आणि साच्यातून येणारे प्लॅस्टिक एक मिलिमीटरच्या आसपास जाड असते. ते तसेच लावले तर कागदी हिशोबाने गाडीला ३५ मिलिमीटरचे बाजूचे चिलखत चढते. त्यामुळे किटमधले हे पत्रे बाजूला ठेवून काही जण पितळी पत्र्याचे लावतात. मी प्लॅस्टिकच्याच पत्र्याची कड आतल्या बाजूने पॉलिश पेपरवर तिरकी घासतो, म्हणजे समोरून फक्त पातळ धार दिसते. मधोमध पत्रा जाडच राहतो, पण तिथे कोणाची नजर जात नाही.

जोडणीतला सर्वांत कंटाळवाणा भाग पट्ट्यांचा. एका बाजूला नव्वदहून जास्त दुवे, प्रत्येक दुवा एक सेंटिमीटर रुंद, प्रत्येकाला कापून, घासून, पातळ सिमेंटने शेजारच्याला चिकटवायचे. हे सिमेंट म्हणजे फेव्हिकॉलसारखा गोंद नव्हे. ते प्लॅस्टिक विरघळवते आणि दोन भाग एकजीव करते. ब्रशचे टोक नुसते फटीला टेकवले की ते फटीत आपोआप ओढले जाते. दुव्यांची माळ अर्धवट सुकली, की साधारण अर्ध्या तासाच्या आत, ती चाकांवर चढवून तिला योग्य झोळ द्यावा लागतो. हेट्झरला वरच्या बाजूला पट्टा पेलणारे एकच छोटे चाक आहे, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा वाळत घातलेल्या धोतरासारखा खाली येतो. तो सरळ ताठ राहिला तर गाडीला वजनच नाही असे वाटते. वजनाचा आणखी एक मुद्दा आहे. तोफ आणि जाड चिलखत दोन्ही पुढे असल्यामुळे खरी गाडी नाकावर किंचित झुकलेली असे, म्हणून पुढच्या चाकांचे आधार चिकटवताना मी ते केसभर वर बसवतो.

तोफेच्या मुळाशी असलेल्या ओतीव कवचाला जर्मन सैनिक ‘झाउकोप्फ’, म्हणजे डुकरिणीचे डोके म्हणत. किटमध्ये ते साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत येते. खरे ओतीव पोलाद कसे दिसते हे पाहण्यासाठी आपल्याला युरोपात जावे लागत नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात हेट्झर नाही, पण तिथल्या जुन्या रणगाड्यांवर ओतकामाचा खडबडीतपणा आणि पत्रे जोडणाऱ्या वेल्डिंगची जाड, ओबडधोबड रेघ हातभर अंतरावरून पाहता येते. मॉडेलवर तो पोत आणण्यासाठी पुट्टी सिमेंटमध्ये पातळ करून जुन्या, झडलेल्या ब्रशने टोचून लावली जाते आणि सुकल्यावर हलकेच घासली जाते. कॅमेरा जवळ नेला की दिसतो तो हा पोत.

छप्पर चिकटवण्यापूर्वी आतला भाग एकदा नीट पाहून घेऊ. तोफेच्या डावीकडे चालक, त्याच्या मागे नेम धरणारा, त्याच्या मागे तोफ भरणारा, असे तिघे एका ओळीत. गाडीप्रमुख एकटा उजवीकडे मागच्या कोपऱ्यात. ही तोफ उजव्या बाजूने भरण्यासाठी बनवलेली होती, आणि भरणारा बसला डावीकडे. त्याला प्रत्येक वेळी तोफेवरून हात पलीकडे न्यावा लागे. तोफ डावीकडे पाच अंश आणि उजवीकडे अकरा अंश एवढीच वळे. लक्ष्य त्यापलीकडे गेले की अख्खी गाडी वळवावी लागे, आणि ज्या उजव्या बाजूला तोफ जास्त वळे त्याच बाजूला आतून जवळपास काहीच दिसत नसे. छपरावरची मशीनगन आत बसून चालवता येई, मात्र गोळ्या संपल्या की झाकण उघडून कोणाला तरी बाहेर डोके काढावे लागे. कमी उंचीची किंमत आतल्या चौघांनी मोजली, हे किटच्या आतल्या भागांची जुळणी करताना जेवढे कळते तेवढे कोणत्याही तक्त्यातून कळत नाही.

आता रंग. खऱ्या गाडीच्या पोलादावर आधी गंजरोधक तांबडा थर असे, आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलला ऑइल पेंटच्या आधी रेड ऑक्साइड मारतात तसाच. त्यावर फेब्रुवारी १९४३ च्या आदेशापासून गडद पिवळा हा मूळ रंग आला; नाव पिवळा असले तरी तो जुन्या, मळकटलेल्या बेसनाच्या जवळ जातो. ऑलिव्ह हिरवा आणि तांबूस तपकिरी हे दोन रंग घट्ट लगद्याच्या स्वरूपात डब्यांतून तुकड्यांना दिले जात, आणि ते पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करून गाडीवर फवारण्याचे काम सैनिकांवर सोपवलेले असे. किती पातळ करायचे हे डब्यापेक्षा हाताशी काय आहे यावर ठरे. ऑगस्ट १९४४ पासून मात्र या रंगांचे पट्टे कारखान्यातच मारायचे ठरले. म्हणून पुन्हा तोच प्रश्न: गाडी कोणत्या महिन्याची? जुलैची गाडी कारखान्यातून पिवळी निघाली आणि पट्टे तिच्यावर मैदानात आले, तेव्हा ते आखीव असून चालणार नाहीत. रंगाची नेमकी छटा कोणती, यावर छंदिष्ट मंडळी तासन्‌तास भांडतात. पेट्रोलमध्ये पातळ केलेल्या रंगाच्या छटेसाठी भांडणे मला तरी अनाठायी वाटते.

फवाऱ्याने मारलेल्या पट्ट्याची कड खऱ्या गाडीवर सात-आठ सेंटिमीटर पुसट असते असे धरले, तर मॉडेलवर ती दोन मिलिमीटरच्या आसपास येते. त्यासाठी एअरब्रशचा दाब कमी ठेवून, रंग दुधाएवढा पातळ करून, टोक पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेऊन रेघ ओढावी लागते. पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर या दिवसांत हे काम करणे म्हणजे संकट असते. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी जमते आणि पट्ट्याच्या मधोमध एअरब्रश थेंब थुंकतो. लॅकरच्या चकाकत्या थरावर पांढरट धुके धरते. पावसाळ्यात मी जोडणी करतो आणि रंगकाम दसऱ्यानंतर.

रंग सुकल्यावर त्यावर चकचकीत वार्निश, मग डेकल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हे, मग तैलरंगाचा पातळ तपकिरी वॉश. टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेला हा रंग वेल्डिंगच्या रेघेला टेकवला की स्वतःच तिच्या कडेने धावत जातो आणि आतापर्यंत न दिसलेली रेघ डोळ्यांत भरते. रंगाचे टवके दाखवताना बहुतेकांचा हात सुटतो. स्पंजच्या तुकड्याने उमटवलेला एक मिलिमीटरचा ठिपका खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा असतो, आणि या गाड्या अनेकदा काही आठवडेच जगत; त्यांना गंजायलाही वेळ मिळाला नाही. धूळ मात्र पहिल्याच दिवशी बसते. ती खाली जास्त आणि वर कमी, चाकांच्या खोबणीत गच्च, आणि जिथे सैनिक पाय देऊन चढत तिथे पुसलेली.

चिन्हांच्या बाबतीत हेट्झर काटकसरी आहे: बाजूला काळा-पांढरा क्रूस, फार तर एखादा आकडा. एवढा क्रूस लावतानाही तो कोणाच्या सैन्याचा होता, हे विसरणे मला जमत नाही. पुढच्या खोक्यावर मी ‘ख्वात’ असे लिहून ठेवले आहे, ते म्हणूनच. ऑगस्ट १९४४ मध्ये, वॉर्सॉच्या उठावाच्या पहिल्याच दिवसांत, पोलिश बंडखोरांनी पेटत्या बाटल्या फेकून एक हेट्झर निकामी केला, ताब्यात घेतला, त्याला ‘ख्वात’ हे नाव दिले आणि शहरातल्या मुख्य टपाल कार्यालयाजवळच्या अडथळ्यात आणून उभा केला. त्या मॉडेलवर शेतातली माती चालणार नाही. तिथे विटांची धूळ लागेल, आणि मागच्या झाकणांभोवती जळकट काळेपणा.

टेबलावरची गाडी उलटी केली आहे. पोटाचा पत्रा कोणालाच दिसणार नसल्यामुळे त्यावर फक्त तांबडा प्रायमर आहे, आणि त्यावर पेन्सिलीने दोन तारखा लिहिल्या आहेत. खालची आजची. वरची, जरा ठळक : जुलै १९४४.