अपग्रेड नको, पण अपडेट हवंच

नमस्कार श्रोतेहो.

विंडोज 10 वापरणाऱ्या अनेकांना काम करता करता मध्येच सगळा पडदा व्यापणारी एक सूचना दिसते. विंडोज 11 घ्या, मोफत आहे. होकाराचं बटण मोठं असतं, नकार बारीक अक्षरांत कोपऱ्यात. ज्यांचा संगणक उत्तम चाललाय आणि ज्यांची कामं त्यावर बसलेली आहेत, त्यांनी नकार द्यावा की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण नकार नेमका कशाला द्यायचा, हे आज नीट समजून घेऊ. अपग्रेड म्हणजे जुनी विंडोज काढून तिच्या जागी नवी बसवणं. अपडेट म्हणजे आहे त्याच विंडोजमध्ये सापडलेली भोकं बुजवणं. पहिल्याला नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. दुसऱ्याला नाही म्हणू नका.

ही गल्लत मोठ्या प्रमाणावर झाली ती 2015 आणि 2016 मध्ये. 29 जुलै 2015 ला विंडोज 10 आली आणि विंडोज 7 व 8.1 वापरणाऱ्यांना ती वर्षभर मोफत देऊ केली गेली. त्यासाठी केबी 3035583 क्रमांकाचं अपडेट पाठवलं गेलं. त्यातून घड्याळाशेजारी एक छोटं चिन्ह येऊन बसलं, आणि ते काढलं तरी परत येई. मे 2016 मध्ये तर खिडकीच्या कोपऱ्यातली लाल फुली दाबली, तरी ठरलेल्या वेळी अपग्रेड होणारच, अशी त्या खिडकीची रचना होती. वर्षानुवर्षं फुली म्हणजे नकार, हे लोकांच्या हाताला बसलेलं. त्या सवयीचाच फायदा घेतला गेला. कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक महिलेचा संगणक अशा नको असलेल्या अपग्रेडनंतर बिघडला. तिने दावा केला आणि तिला 10,000 डॉलर भरपाई मिळाली. जून 2016 अखेर कंपनीने फुलीचा अर्थ पुन्हा नकार असा केला. आपण फार पुढे गेलो, हे मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे मार्केटिंग प्रमुख ख्रिस कापोसेला यांनी त्याच वर्षी डिसेंबरात मान्यही केलं.

पण या काळात वैतागलेल्या अनेकांनी एक चूक केली. त्यांनी विंडोज अपडेटची सेवाच बंद करून टाकली. अपग्रेड थांबलं, पण त्याबरोबर सुरक्षेचे पॅच, म्हणजे ती भोकं बुजवणारी ठिगळंही थांबली. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला आणि सुमारे 150 देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फायली त्याने कुलूपबंद केल्या. ज्या भोकातून तो शिरला, त्याचा पॅच दोन महिने आधी, 14 मार्चलाच आलेला होता. बळी पडलेले बहुसंख्य संगणक विंडोज 7 चे होते, म्हणजे ज्या विंडोजला तेव्हा पॅच मिळत होते तिचेच. विंडोज 7 वर राहणं हा त्यांचा दोष नव्हता. पॅच न घेणं हा होता.

आता आजची गोष्ट. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची मुदत संपली. विंडोज 11 साठी यूईएफआय ही संगणक सुरू करणारी नवी व्यवस्था, सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी, टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप, 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी बाजारात आली 2017 मध्ये. म्हणजे 2016 चा, सोळा जीबी रॅमचा, सहाव्या पिढीचा आय-सेव्हन असलेला दणकट संगणकही नापास. त्यात काही बिघडलेलं नसताना तो भंगारात काढा म्हणणं पटण्यासारखं नाही.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. अनेक छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत आजही पेजमेकर आणि श्री-लिपीच्या जुन्या आवृत्त्या चालतात. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, बिलबुकं यांच्या वर्षानुवर्षांच्या फायली त्या जुन्या फाँटमध्ये बांधलेल्या आहेत. त्यातले बरेच संगणक मुद्दाम 32-बिट, म्हणजे जुन्या घडणीच्या विंडोजवर ठेवलेले असतात, कारण 16-बिट प्रोग्राम किंवा इन्स्टॉलर फक्त 32-बिट विंडोजवरच चालतो आणि डाँगलचा, म्हणजे सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावाव्या लागणाऱ्या किल्लीचा, 32-बिट ड्रायव्हर 64-बिट विंडोजवर चढत नाही. विंडोज 11 ची 32-बिट आवृत्तीच नाही. म्हणजे अशा संगणकावर अपग्रेड होतच नाही, सगळं पुसून नव्याने बसवावं लागतं आणि डाँगल मुकं होतं. शिवाय नव्याने बसवलेल्या विंडोज 11 मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा बहुधा आधीच चालू असते, आणि ती काही जुने ड्रायव्हर अडवते. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन किंवा जुना स्कॅनर वापरणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

विंडोज 10 वरच राहायचं ठरवलं असेल, तर पहिलं काम आवृत्ती बघण्याचं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, विनव्हर हा शब्द इंग्रजीत जोडून लिहा, एंटर दाबा. तिथे 22 एच 2 दिसलं पाहिजे. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आधी 22 एच 2 घ्या, कारण वाढीव मुदतीचे पॅच फक्त तिलाच मिळतात.

या योजनेचं नाव एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, थोडक्यात ईएसयू. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली तिची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची, आणि त्याआधी केव्हाही नोंदणी करता येते. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट असं गेलात की उजवीकडे नोंदणीचा दुवा दिसतो. तीन मार्ग आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे 1,000 गुण दिले तर फुकट, नाहीतर 30 डॉलर किंवा तेवढ्याच किमतीचं स्थानिक चलन. एका खात्यावर दहा संगणक बसतात. पैसे भरणाऱ्यालाही नोंदणीपुरतं मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, नंतर रोजचं काम स्थानिक खात्यावरून करता येतं.

फुकटच्या मार्गात एक खाच आहे. विंडोज बॅकअप उघडलं की डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डरही ढगावर चढवण्याचा पर्याय येतो. वनड्राइव्हवर मोफत जागा फक्त 5 जीबी. घरातल्या लग्नाचे फोटो चढले की ती भरते आणि पैसे मागणाऱ्या सूचना सुरू होतात. फोल्डरांचे स्विच बंद ठेवा, फक्त सेटिंग्जचा चालू ठेवा. ईएसयूसाठी तेवढं पुरतं. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या लोकांना ही बॅकअपची अट नाही. युरोकन्झ्युमर्स या ग्राहक संघटनेने आवाज उठवल्यावर सप्टेंबर 2025 मध्ये ती तिथे काढली गेली. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे लक्षात ठेवावं. संघटित ग्राहकाचं म्हणणं कंपनीला ऐकावं लागतं, ते असं.

नोंदणीचा दुवा दिसतच नसेल, तर राहिलेले सगळे अपडेट आधी पुरे करा आणि खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आहेत का ते बघा. मुलांसाठी उघडलेल्या खात्यावर नोंदणी होत नाही. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या संगणकाला घरगुती योजना चालत नाही, त्याची वेगळी, महाग योजना आहे. नोंदणी झाली म्हणजे पॅच आले असं धरून चालू नका. अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच निघतात, आपल्याकडे ते बहुधा बुधवारी पोचतात. त्या आठवड्यात अपडेट हिस्टरी उघडून चालू महिन्याची नोंद आहे का ते बघा.

आता अपग्रेडला कुलूप घालू. प्रो आवृत्ती असेल तर विंडोज आणि आर दाबून जीपीएडिट डॉट एमएससी लिहा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट, विंडोज अपडेट फॉर बिझनेस, या क्रमाने आत गेलात की सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन ही ओळ सापडेल. ती एनेबल्ड करा. पहिल्या चौकटीत विंडोज 10, मधली जागा सोडून. दुसऱ्या चौकटीत 22 एच 2, जागा न सोडता. मग संगणक रीस्टार्ट करा.

होम आवृत्तीत जीपीएडिट नसतं. तिथे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, तीन नोंदी कराव्या लागतात. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी रजिस्ट्री एडिटरच्या फाइल मेनूतून तिची प्रत काढून ठेवा, हे टाळू नका. मग एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज इथपर्यंत जा आणि विंडोजअपडेट नावाची की नसेल तर जोडून लिहून तयार करा. तिच्यात टार्गेटरिलीजव्हर्जन ही डीवर्ड, म्हणजे आकड्याच्या प्रकारची नोंद, किंमत 1. प्रॉडक्टव्हर्जन ही स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची नोंद, किंमत विंडोज 10. टार्गेटरिलीजव्हर्जनइन्फो हीसुद्धा स्ट्रिंग, किंमत 22 एच 2. बहुतेकांचं चुकतं ते तिसऱ्या नोंदीत. ती डीवर्ड म्हणून केली जाते, आणि मग कुलूप लागतच नाही, चूकही दिसत नाही. संगणक-सुरक्षेतले जाणकार स्टीव्ह गिब्सन यांच्या जीआरसी या कंपनीचं इनकंट्रोल नावाचं छोटं मोफत साधन हेच काम एका बटणात करतं.

हे कुलूप एकदा लावून विसरण्यासारखं नाही. या धोरणाच्या मूळ वर्णनातच म्हटलं आहे, की त्या आवृत्तीची मुदत संपून 60 दिवस झाल्यावर ते पाळलं जाईलच असं नाही. म्हणून पॅच बघता तेव्हाच विंडोज 11 ची सूचना परत आली आहे का, तेही बघा. आलीच तर स्टे ऑन विंडोज 10 फॉर नाऊ हा दुवा दाबा. नोटिफिकेशन्सच्या पानावर अपडेटनंतरचं स्वागत, सेटअप पूर्ण करण्याच्या सूचना आणि टिप्स, या तिन्ही चौकटींतल्या खुणा काढल्या की जाहिरातीही बऱ्याच कमी होतात.

अपग्रेड येऊच नये म्हणून काहीजण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन टीपीएम बंद करतात. इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. संगणक अपात्र ठरतो हे खरं. पण डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असेल, आणि नव्या लॅपटॉपांत ती मालकाला न कळतही असते, तर पुढच्या वेळी संगणक 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर स्वतःचाच डेटा स्वतःला मिळत नाही. हा उपाय आम्ही सुचवत नाही.

चुकून अपग्रेड झालंच, तर घाबरून फाइली पुसत बसू नका. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे गो बॅक हे बटण दहा दिवस चालतं. या दिवसांत डिस्क क्लीनअप करू नका, कारण जुनी विंडोज ज्या विंडोज डॉट ओल्ड फोल्डरमध्ये असते, तो त्यात पुसला जाऊ शकतो. निर्णयाला जास्त वेळ हवा असेल, तर त्या दहा दिवसांच्या आतच ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये डिझम आज्ञेच्या सेट ओएस अनइन्स्टॉल विंडो या पर्यायाने मुदत 60 दिवसांपर्यंत वाढवता येते.

राहिले ते विंडोज 7 किंवा एक्सपीवरचे 32-बिट, डाँगलवाले डीटीपी संगणक. त्यांना पॅच मिळणार नाहीत, म्हणून त्यांचं इंटरनेट काढा. केबल काढा, वायफाय बंद करा. फाइली नेण्या-आणण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा आणि आधी तो पॅच घेणाऱ्या संगणकावर तपासा. पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू करणारं ऑटोरन बंद करा. विंडोज 7 असेल तर महिन्यातून एकदा कंट्रोल पॅनेलमधल्या बॅकअप अँड रिस्टोअरमधून सिस्टम इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ती डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची हवी, आणि काम झाल्यावर काढून ठेवायची. दुकानातल्या बाकी संगणकांवर एसएमबी 1 या नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या जुन्या पद्धतीची, विंडोज फीचर्सच्या यादीतली खूणही काढा, वॉनाक्राय त्याच वाटेने आला होता. मात्र फोल्डरमध्ये थेट स्कॅन टाकणारं जुनं झेरॉक्स मशीन असेल, तर ते अडेल. त्याच्यासाठी स्कॅन पेनड्राइव्हवर घेण्याची सोय मशीनच्या मेनूत आहे का ते आधी बघा, आणि मगच खूण काढा.

नमस्कार.